सात सेकंदांचा सामना

मेट्रोनं कासारवाडी सोडलं की मी दाराशी जातो आणि काचेला खांदा टेकून उभा राहतो. चाकणची फर्स्ट शिफ्ट अंगात मुरलेली असते, कंपनीच्या बसमधल्या डुलकीनं मान आखडलेली असते, हातमोजे कधीच काढलेले असले तरी बोटांत एअर गनची थरथर अजून शिल्लक असते, नाशिक फाट्याच्या जिन्यावर गुडघ्यांनी तक्रार केलेली असते; आणि मग खालच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या गोंगाटावरून गाडी सरकता सरकता सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी कॉलेजच्या, भिंतीपलीकडची झाडी उघडते, झाडांच्या फटीतून हिरवळीचा एक तुकडा, गोलपोस्टचा एकच पांढरा खांब आणि त्याच्याभोवती धावणारी, चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखलेली मुलं दिसतात. मी मोजून पाहिलंय.

सात सेकंद.

लहानपणी ही भिंत फक्त ऐकायची होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. रविवारी सायकलच्या दांडीवर बसवून ते मला दापोडीकडे आणायचे, तेव्हा भिंतीपलीकडून शिट्टी यायची, बुटानं चेंडू टोलवल्याचा तो पोकळ, गोड ठप्प आवाज यायचा, आणि एकदम उसळलेला पुष्कळ गळ्यांचा ओरडा. “कॉलेज आहे ते,” वडील सांगायचे. “काय शिकवतात?” “पूल बांधायला.” मला ते पटायचं नाही. पूल बांधताना कोण एवढं ओरडतं?

वडिलांचं खरंच होतं. रुरकीत १९४३ मध्ये सुरू झालेली लष्करी अभियांत्रिकीची शाळा १९४८ मध्ये मुळेकाठी आली आणि १९५१ पासून कॉलेज म्हणवू लागली. आता इथं अभियांत्रिकीची पदवी घेणारे कॅडेट असतात. सकाळी वर्ग, संध्याकाळी खेळ. आणि ओरडण्याचंही म्हणाल तर लष्करी अभियंत्यांचं फुटबॉलशी नातं फार जुनं आहे. एफए कपचा पहिला अंतिम सामना १८७२ मध्ये लंडनच्या ओव्हलवर झाला, त्यात रॉयल इंजिनिअर्सचा संघ एका गोलनं हरला. त्यांच्या क्रेसवेल नावाच्या लेफ्टनंटचं गळपट्टीचं हाड सुरुवातीलाच मोडलं होतं. तो शेवटपर्यंत मैदानातच राहिला. तीन वर्षांनी त्यांनी तो कप जिंकला. त्या काळी चेंडू मिळाला की एकट्यानंच रेटत न्यायची रीत होती. ती मोडून, एकमेकांना पास देत पुढं सरकायचा खेळ रुजवला, त्याचं बरंच श्रेय या इंजिनिअर मंडळींना देतात. पूल बांधणाऱ्यांनाच ते सुचावं, यात मला काही नवल वाटत नाही.

माझ्या हंगामाला जूनच्या पहिल्या सरीनं सुरुवात झाली. काचेवर ओघळ, ओघळांतून विरघळलेल्या जर्सी. तांबडा रंग हिरव्यात सांडल्यासारखा. जुलैत गोलपोस्टपुढं डबकं साचलं, त्यात चेंडू रुतायचा आणि चार-पाच जण त्याच्यावर लहान पोरांसारखे तुटून पडायचे. कदमताल, सलाम, ताठ पाठीचे कणे, सगळं त्या डबक्यात बुडून जायचं. त्या गर्दीत मी एकाला धरून ठेवलं होतं. अकरा नंबर, डावीकडचा. सडपातळ, किंचित वाकून धावणारा, आणि कायम उजवा हात वर. चेंडू माग, चेंडू माग. गाडी पुढं जायची, आणि त्याचा हात तसाच वर राहायचा. त्याला पास मिळालेला मी एकदाही पाहिला नाही.

गोल तर नाहीच. अख्ख्या हंगामात एकही गोल नाही.

याचं मला दुःख व्हायला हवं होतं. पण लाइनवर माझंही तेच आहे. मागच्या स्टेशनवरून सांगाडा येतो, मी चार बोल्ट आवळतो, तो पुढं जातो. पुढं कुठंतरी त्याला चाकं लागतात, कुठंतरी तो पहिल्यांदा घरघरतो, कुणीतरी चावी फिरवतं. ती घरघर मी इतक्या वर्षांत ऐकलेली नाही. माझ्याकडं येतो तो पास, आणि माझ्याकडून जातो तोही पास.

ऑक्टोबरात एकदा गाडी मध्येच थांबली. काय झालं कुणी सांगितलं नाही. डब्यात चुकचुकाट झाला, फोन निघाले. माझी छाती मात्र धडधडू लागली. समोर अख्खं मैदान! पितळी ऊन, वाळत चाललेलं गवत, चुन्याच्या रेघा. आणि खेळ थांबलेला. मध्यंतर होतं. मुलं गवतावर पसरली होती, कुणी बाटली डोक्यावर रिती करत होतं, अकरा नंबर पाय लांब करून बसला होता आणि उकिडवा बसलेला गोली मन लावून त्याच्या बुटाची नाडी बांधत होता. चेहरे पहिल्यांदाच दिसले. किती कोवळे! माझ्या धाकट्याएवढे. यांच्या दलाचं ब्रीद आहे ‘सर्वत्र’. उद्या कुठल्या बर्फात, कुठल्या फुगलेल्या नदीवर ही मुलं पूल टाकतील कोण जाणे. आत्ता मात्र एकाची नाडी सुटली होती आणि दुसरा ती बांधत होता. दुहेरी गाठ मारून त्यानं बुटावर एक थाप दिली.

शिट्टी वाजली. मुलं उठली. आणि गाडी निघाली.

मी मोठ्यानं हसलो असणार, कारण शेजारच्या बाईंनी पर्स जवळ ओढली.

नोव्हेंबरात उजेड आखडला. मैदान धुरकट, चेंडू दिसेनासा, नुसत्या हलणाऱ्या सावल्या. मग काही दिवस रिकाम्या मैदानावर गोलपोस्टचा तो एक खांब तेवढा उभा.

नव्या वर्षात जर्सी परत आल्या. अकरा नंबरही आला. पण हा रुंद खांद्यांचा, ताठ धावणारा. हात वर करत नाही, चेंडूकडं मागं वळून बघतो फक्त. मी फुगेवाडीपर्यंत उगाच त्याच्यावर रागावलेला होतो.

दापोडीनंतर नदी येते. बाजूला हॅरिस पूल. एका गव्हर्नराच्या नावाचा, जो मोठा क्रिकेटपटू होता. वडिलांना याचं भारी हसू यायचं: फुटबॉलवाल्यांच्या दारात पूल आणि नाव क्रिकेटवाल्याचं. पुलावर सायकल चढाला लागली की ते उतरायचे, मला दांडीवरच बसू द्यायचे आणि हँडल धरून चालत राहायचे. पाठीमागं शिट्टी वाजायची. मी मान वळवून विचारायचो, “झाला का गोल?”

“झाला असेल,” ते म्हणायचे, आणि ढकलत राहायचे.