सीताफळाचे डोळे

मराठी भाषेला नाक आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला असता तर एरवी मी तो थट्टेवारी नेला असता. पण गेल्या वर्षी, नवरात्र नुकतेच संपले होते तेव्हा, हा प्रश्न मला अगदी गंभीरपणे विचारण्यात आला, आणि विचारणारी माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. मराठी विषय घेऊन तिने बी. ए. केले, आता ती पांढरकवड्याच्या बाजूला एका कोलाम पोडावर अंगणवाडी चालवते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. गावापासून जराशी अलग, रानाला खेटून असलेली. तिने फोनवरून विचारले,

"सर, वासाचे शब्द लिहून देता काय? चवीचे मले येतात. वासाचं मात्र 'चांगला' आन् 'घाण' याच्या पुढं गाडं सरकूनच नाही राह्यलं. पोरांले फळांचे वास शिकवाचे हायत."

मी म्हटले, "एवढेच ना? संध्याकाळपर्यंत पाठवतो."

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाने याहून निराळे काय म्हणावे? चहाचा कप शेजारी ठेवून मी कागद पुढे ओढला. चवीचे शब्द तर पंगतीला बसल्यासारखे आपणहोऊन आले. आंबट, तुरट, खारट, कडवट, गुळचट. या 'ट'ची तर आपल्या जिभेला भारीच हौस! शिवाय पदार्थ थोडका गोड लागला की गोडसर, फार लागला की गोडमिट्ट. आंबटढाण, कडूजहर, तिखटजाळ हे शब्द नुसते उच्चारले तरी तोंडाचा आकार बदलतो. मग एक गंमत आठवली. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपण मात्र त्या 'कटु'चा 'कडू' केला आणि मिरचीच्या घरचा शब्द कारल्याच्या घरी नेऊन नांदवला. असो.

वासापाशी आलो आणि लेखणी अडखळू लागली. कुबट, खवट, करपट, आंबूस, कुजट, ओशट: सगळे बिघडलेल्या वस्तूंचे वास. खमंग आहे, पण तो फोडणीचा नि भाजणीचा. दरवळ आणि घमघमाट वास किती पसरला ते सांगतात, कसला ते सांगत नाहीत. पिकलेल्या पेरूचा वास कसा असतो? पेरूसारखा! संत्र्याची साल सोलताना बोटांवर आणि डोळ्यांतही जो फवारा उडतो, त्याच्या वासाला काय म्हणावे? संत्र्याचा वास. म्हणजे फळांच्या वासापुरती आपली भाषा सरळ हात वर करते आणि म्हणते, "बाबा रे, फळच हुंगून ये." मोठमोठ्या कोशांनाही याहून पुढे जाता आलेले नाही.

तेव्हा बारा शब्दांचा कागद पाठवण्यापेक्षा आपणच जावे, असे ठरवले. खरे सांगायचे तर यात माझा थोडा स्वार्थ होता. दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात मी 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायला सांगतो. टिपेश्वरच्या रानालगत वाढलेली, उन्हाळाभर टेंभरे, चारे नि मोहफुले वेचलेली मुले त्यात लिहितात, "वातावरणात मंद सुगंध दरवळत होता." कसला सुगंध, ते कोणालाच ठाऊक नसते. नाक त्यांच्यापाशी चांगले तल्लख असते, शब्दही असतात. पण या दोघांची कधी गाठच पडलेली नसते. ती गाठ पडायची जागा कुठे आहे, हे मला पाहायचे होते.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, बाहेर पत्र्याचा पडवीवजा आडोसा, आणि एका बाजूला खिचडीचे पातेले. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. 'अ अननसाचा', 'फ फणसाचा'. मी बाईंना विचारले, यांतले किती मुलांनी अननस पाहिला आहे? त्या हसल्या. "सर, मीच कालेजात आल्यावर पाह्यला." आमच्या यवतमाळच्या काळ्या मातीत अननस होत नाही, फणस कोकणचा. इंग्रजीच्या तक्त्यात तर सफरचंद ठरलेलेच. अननसाचा तर शब्दही परदेशचा; पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला. पपई, पेरू, काजू यांचे शब्दही त्याच वाटेने आले. फळाच्या परकेपणाविषयी माझी तक्रार नाही. सीताफळही मुळचे अमेरिकेकडचेच. पण त्याने आमच्या टेकड्यांवर असे काही बस्तान बसवले, आणि नाव तर असे घेतले, की वनवासात सीतामाईने ते खाल्लेच नसेल असे म्हणायची कोणाची छाती नाही. तक्रार एवढीच की ज्या फळाला हात लागत नाही, नाक लागत नाही, दात लागत नाही, त्याच्या चित्रावर बोट ठेवून चार वर्षांच्या पोराने शिकावे तरी काय?

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. मारिया माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा मुलाचे शिक्षण इंद्रियांच्या दारातून आत जाते हेच त्यांनी धरले. खरखरीत नि गुळगुळीत फळ्या, वासाच्या बाटल्या, आवाजाच्या डब्या अशी साधने त्यांनी घडवली. साधने उत्तम होती, पण गरिबाच्या मुलाला महाग होती. आपल्याकडे ती खेड्याच्या अंगणात आणली ताराबाई मोडकांनी. ताराबाई काही वर्षे आमच्या शेजारी अमरावतीला राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्या खेड्यात उतरल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, म्हणून ती अंगणवाडी. खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांमध्ये गेले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द तिने उचलला आणि तो देशभर गेला. शब्द गेला तितक्या दूर शिंपले नि बिया गेल्या असे मात्र म्हणवत नाही.

आमच्या बाईंनी आदल्या दिवशीच पोरांना सांगून ठेवले होते. कोणी पेरू आणले, कोणी आवळे, कोणी कवठ. संत्री मी यवतमाळच्या बाजारातून नेली होती. फळे एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घातली, आणि एकेकाने डोळे मिटून हात आत घालायचा. कवठाला हात लागला की 'टणक', आवळ्याला 'गुळगुळीत'. एका पोराने पेरू चाचपून 'पिचपिचीत' म्हटले, तेव्हा मला आमच्या विभागप्रमुखांना ते ऐकवावेसे वाटले. कवठ पिकले की नाही हे ओळखायची रीत पोरांनीच मला दाखवली. वीतभर उंचीवरून जमिनीवर टाकायचे. उसळले तर कच्चे, गप बसले तर पिकलेले. ही कानाची आणि डोळ्याची एकदमच परीक्षा.

मग नाकाचा खेळ झाला. नाक चिमटीत धरून पेरूची फोड चावायची. तोंडात नुसता गोडसर चोथा लागतो. चिमूट सोडली की पेरू परत येतो! ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो, हे पुस्तकात मी वाचले होते, पण अठरा पोरे एकदम नाक सोडून "आला, आला" म्हणून ओरडली तेव्हा ते मला पटले. जिभेचे स्वतःचे भांडवल थोडकेच. गोड, आंबट, खारट, कडू, आणि १९०८ साली इकेदा या जपानी रसायनज्ञाने ओळखलेली पाचवी मांसल चव. आमचे तुरट आणि तिखट शास्त्राच्या हिशेबात चवीत मोडत नाहीत. ते तोंडाला झालेले स्पर्श. तिखटाचा दाह ज्या घटकातून कळतो तो सापडला १९९७ साली, आणि त्या शोधाला २०२१चे नोबेल मिळाले. आपल्या षड्रसांतले दोन रस असे एका फटक्यात त्वचेच्या खात्यात गेले. मुलांना मात्र यातले काही सांगितले नाही. त्यांनी आवळा खाल्ला, वर पाणी प्यायले, आणि पाणी गोड कसे झाले म्हणून पेल्यात डोकावून पाहत बसली.

त्या वर्गात एक मुलगी होती. चारेक वर्षांची, तेलाने चापून बसवलेले केस. अंगणवाडीत येऊन तिला तीन महिने झाले होते, पण तोंडातून शब्द नाही. बाई म्हणाल्या, घरी कोलामी बोलतात, मराठी कळते थोडे, पण बोलत नाही. कोलामी ही काही मराठीची बोली नव्हे. ती द्राविडी कुळातली. एमेनो नावाच्या पंडिताने १९५५ साली तिच्यावर आख्खा ग्रंथ छापला. आमच्या जिल्ह्यातली ही भाषा आमच्या कॉलेजच्या कोणत्याच कागदावर नाही. मदतनीस बाई कोलामच. मुलांचे बोलणे त्या आम्हाला मराठीत करून देत होत्या.

टोपलीत सीताफळे होती. ती बाईंनी शेवटी ठेवली होती. तीन फळे समोर मांडली आणि विचारले, यांतले कोणते पिकेल? बाकीची पोरे सर्वांत मोठ्या फळाकडे धावली. ही पोरगी सावकाश उठली, तिन्ही फळे हातात फिरवून पाहिली आणि मधले लहानसे उचलले. मग खवल्यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवले. तिथे हिरव्याची पिवळसर रेघ झाली होती. आपल्याकडे सीताफळाचे डोळे उघडले म्हणतात, ते हेच. फळ चढू लागले की खवले एकमेकांपासून सुटतात. डोळे उघडलेले फळ उतरवून अढीत घातले तर पिकते. मिटल्या डोळ्यांचे उतरवले तर काळे पडून दगड होते. शहरातल्या बाजारात सीताफळ घेताना मी स्वतः दाबून पाहतो, आणि दुकानदार माझा हात बाजूला करतो. हिने फळ दाबले नव्हते.

तयार, पिकलेले फळ बाईंनी फोडायला घेतले आणि तिच्या हातात अर्धे दिले. तिने ते नाकाशी नेले, आणि परत टोपलीत ठेवले. बाईंनी पुन्हा दिले. तिने पुन्हा ठेवले, आणि काहीतरी बोलली. तीन महिन्यांतले पहिलेच. मदतनीस बाईंनी जरा थांबून सांगितले,

"ते विकाचं हाय म्हणते. चांगलं फळ खाऊ नाही म्हणते. फुटलं असंल तं द्या म्हणते."

खोलीत बाकी पोरांचा गलका चाललाच होता. दिवाळीच्या तोंडावर टेकड्यांवरची सीताफळे उतरवून टोपल्या बाजाराला न्यायच्या, त्यावर घरात तेलमीठ यायचे, हे त्या पोरीला चांगले ठाऊक होते. पाखराने टोचलेले, वाटेत उललेले तेवढे घरच्या पोरांचे. फळाचे रूप, स्पर्श, वास, सगळे तिला आमच्याहून नेमके येत होते. नेमकी जीभ तेवढी बाजाराकडे गहाण पडलेली.

आमच्या बाई मोठ्या हिकमती. त्यांनी उरलेले दुसरे फळ हळूच उंबऱ्यावर टाकले. ते फुटले. मग त्या म्हणाल्या, "अव्वो! हे तं फुटलं!" पोरगी त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिली. ही युक्ती तिला कळली नसेल असे मी शपथेवर सांगणार नाही. पण ती आली, बसली, आणि एकेक गर जिभेवर घोळवून काळीभोर बी ओंजळीत जमा करू लागली. बिया बाईंनी मोजून घेतल्या; धुऊन ठेवल्या की त्यांवर पुढे अंक शिकवता येतात. मात्र एकही बी फोडू दिली नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावतात, आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते, हे या भागात बायकांना ठाऊक असते.

अठरा पोरे आणि सहा फळे, हा हिशेब मला सारखा टोचत होता. माँटेसोरीची फळी वापरून झाली की कपाटात जाते. फळ वापरले की संपते, आणि उद्या पुन्हा आणावे लागते. बाईंनी त्याचा विचार आधीच केला होता. आठवड्यातून एक दिवस, हंगामात जे असेल ते, प्रत्येक घरातून एक. एखाद्या घरून नाही आले तरी विचारायचे नाही. अंगणवाडीच्या दफ्तरात यासाठी रकाना नाही, म्हणून त्यांनी शाळकरी वहीची पाठची पाने त्यासाठी ठेवली होती.

निघताना मी माझी वासाच्या शब्दांची यादी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती वाचली आणि मदतनीस बाईंना म्हणाल्या, "तिले विचारा बरं, सीताफळाचा वास कसा म्हणून." पोरगी ओंजळीतल्या बियांकडे पाहत दोन शब्द बोलली.

"आजीच्या कोपऱ्याचा म्हणते," मदतनीस बाई म्हणाल्या. "बुढी घरातल्या कोपऱ्यात टोपलीत गवताखाली अढी घालते न."

बाईंनी माझ्या यादीच्या खाली तेराव्या ओळीवर ते लिहिले. कोलामीतले मूळ शब्द देवनागरीत कसे उतरवायचे यावर आम्हा तिघांची थोडी चर्चा झाली; एका अक्षराविषयी मतभेद राहिला. तेवढ्यात आमची गाडी आली. बोरे लागली की कळवते, असे त्या म्हणाल्या; चिंचा मात्र त्याच्याही पुढे.