संख्येतून नावांकडे : पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचा शोध

पहिले महायुद्ध संपल्यावर, ज्या गावांतून पलटणीत मोठ्या संख्येने माणसे गेली होती अशा भारतातील अनेक गावांत ब्रिटिश सरकारने स्मृतिशिळा बसवल्या. गावातून किती जण युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढेच या शिळांवर सहसा कोरलेले असते. गेलेल्यांची नावे बहुधा नसतात. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते आणि त्या युद्धात गावचे 46 जवान कामी आले, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितले जाते. सातारा, रत्नागिरी आणि त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील पलटणीच्या गावांचा इतिहास लिहायचा, तर अशा संख्येपाशी न थांबता तिच्यातील प्रत्येक माणसाचे नाव, घर आणि मृत्यूचे ठिकाण निश्चित करणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.

या शोधाची दिशा पलटणींच्या वाटचालीवरून ठरते. त्या काळी 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या आणि त्यांच्या शौर्याचे व हानीचे मुख्य क्षेत्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हे होते. 103, 110 आणि 117 या तीन पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. 7 डिसेंबर 1915 रोजी सुरू झालेला हा वेढा 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीने संपला, आणि उपासमारीने आधीच खंगलेल्या युद्धकैद्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेकडे नेऊन त्यांतील अनेकांना लोहमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत मेलेल्यांपैकी अनेकांच्या कबरी सापडत नाहीत, त्यांच्या मृत्यूच्या तारखाही पुष्कळदा अनुमानाने ठरवलेल्या आहेत. म्हणून कुतच्या कैद्यांबाबत कागदावरची तारीख ही मृत्यूची खरी तारीख मानण्याआधी थांबून विचार करावा लागतो.

मृत सैनिकांच्या नोंदींचा सर्वांत मोठा साठा राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाकडे आहे. युद्धात मेलेल्यांच्या कबरी व स्मारके राखण्यासाठी 1917 मध्ये ही संस्था स्थापन झाली, आणि 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातील मृत्यू ती पहिल्या महायुद्धातील मानते. ज्यांची कबर ज्ञात नाही त्यांची नावे स्मारकाच्या भिंतीवर कोरण्याची तिची प्रथा होती. परंतु 1929 मध्ये उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, तर 33 हजारांहून अधिक हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या देण्यात आली. आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल 2021 मध्ये हा भेदभाव स्पष्ट शब्दांत मान्य केला आणि मुख्यतः पूर्व आफ्रिका व इजिप्त येथील किमान 1 लाख 16 हजार मृतांची स्मृती नावानिशी, किंवा कदाचित मुळीच, राखली गेली नाही, असा अंदाज मांडला. गावच्या शिळेवर जे घडले तेच बसऱ्याच्या भिंतीवर घडले होते. मात्र भिंतीवर न कोरलेली बसऱ्याची पुष्कळ नावे आयोगाच्या नोंदींत आढळतात, आणि तेथूनच गावाच्या शोधाला प्रारंभ करता येतो.

अशा नोंदीत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि मृत्युदिनांक असतो, तर कित्येक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. ही नावे इंग्रज कारकुनाने कानावर पडली तशी रोमन लिपीत उतरवलेली असल्यामुळे एकच आडनाव वेगवेगळ्या रूपांत भेटते, आणि गावाचे नावही कधी ओळखू न येण्याइतके बदललेले असते. शिपायाचा क्रमांक पलटणीपुरताच असे, त्यामुळे क्रमांक आणि पलटण ही जोडी मिळूनच माणसाची ओळख पटते. जिल्ह्यांच्या सीमाही तेव्हाच्याच धराव्या लागतात : आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे किंवा तासगाव या तालुक्यांतील शिपाई सातारा जिल्ह्याचा म्हणून नोंदला गेलेला असतो, तर सावंतवाडी आणि कोल्हापूर ही तेव्हा संस्थाने होती. 1922 मध्ये पलटणींची पुनर्रचना होऊन 103 क्रमांकाची पलटण पहिली बटालियन झाली आणि 105 क्रमांकाची दुसरी; घरात ‘जंगी पलटण’ किंवा ‘काली पाँचवी’ अशी आठवण उरली असेल, तर ती या जुन्या क्रमांकांशी जोडून घ्यावी लागते.

लष्करी नोंदीला गावच्या दप्तराची साक्ष मिळाल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. परदेशात झालेला मृत्यू गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, सापडेलच असे नाही. परंतु शिपायाच्या नावावर जमीन असेल तर त्याच्या मागे वारस लावताना झालेली नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, मिळण्याची शक्यता असते, आणि विधवेचे किंवा अज्ञान मुलाचे नाव तेथेच प्रथम कळते. यांतील बरेच कागद मोडी लिपीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्याची मदत अपरिहार्य ठरते. दप्तरानंतर घरांकडे वळावे लागते. युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मृताच्या वारसाला दिलेल्या, सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाच्या कांस्यचकतीवर मात्र हुद्दा न देता केवळ नाव असते. देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेच्या तळाशी राहिलेली अशी वस्तू अभ्यासकाच्या दृष्टीने सरकारी कागदाइतकीच मोलाची असते.

गावच्या यादीत कोणाला घ्यायचे, हा या कामातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. मेसोपोटेमियात भारतातून गेलेल्या 5 लाख 88 हजारांपैकी जवळजवळ निम्मे लोक बिगरलढाऊ होते, म्हणजे हमाल, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी आणि जखमींना वाहून नेणारे डोलीवाले. त्यांपैकी अनेकांना चांदीऐवजी कांस्याचे युद्धपदक मिळाले, आणि गावाच्या आठवणीतही त्यांना शिपायाच्या मागचे स्थान मिळाले. 1917 मध्ये उभारलेली 111 महार पलटण 1921 मध्ये मोडण्यात आली, त्यामुळे तिच्यातील सैनिकांची आठवण जपणारी पलटणच उरली नाही. कोकणातील खलाशांचीही गणती येथेच करावी लागते. समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही अशा 2 हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पटकी, आमांश आणि 1918 चा इन्फ्लुएंझा यांनी गोळीइतकेच निर्दयपणे बळी घेतले. जो युद्धसेवेत मेला तो युद्धात कामी आला, मग त्याच्या हाती बंदूक असो की पखाल, ही कसोटी मान्य केली तरच गावची यादी न्याय्य होते.

यादी न्याय्य असावी तशीच ती खरीही असली पाहिजे. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पुरुष असणे सर्वसाधारण असल्यामुळे वडिलांचे नाव जुळल्याखेरीज आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे मिळाल्याखेरीज कोणतेही नाव निश्चित मानू नये. शिळेवरची संख्या गाठण्याच्या घाईत चुकीचे नाव कोरले, तर खऱ्या शिपायावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. ज्यांच्याबद्दल पुरावा अपुरा आहे त्यांची स्वतंत्र यादी ठेवावी आणि पुढील अभ्यासकासाठी ती खुली राहू द्यावी. आयोगाच्या नोंदींतून सुटलेल्या मृतांची नावेही समकालीन पुराव्याच्या आधारे त्याच्याकडे पाठवता येतात.

हे काम विद्यापीठांतील संशोधकांवर सोपवून भागणार नाही, कारण त्याचा अर्धा पुरावा गावातल्या घरांत आहे. ज्यांच्या घरी त्या काळचे पदक, कांस्यचकती, पेन्शनचा कागद किंवा पलटणीतून आलेले पत्र असेल, त्यांनी ते घासूनपुसून चकचकीत न करता, मोडीत न देता, त्यावरील प्रत्येक अक्षराचे छायाचित्र काढून ठेवावे आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्यावी. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिळेवरील संख्येसाठी नावांची वही उघडावी आणि लढाऊ-बिगरलढाऊ किंवा जात असा कोणताही भेद न करता ती पूर्ण करावी.