भरवशाचा संगणक

२०२३ सालची गोष्ट. थोरलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. रात्री कागदपत्रे जोडता जोडता आमचा जुना, सेकंडहँड संगणक पटकन बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. पोरीचे डोळे भरून आले. शेवटी शेजारच्या मुलाच्या मोबाईलवरून अर्ज गेला, तेव्हा बाराला सात मिनिटे कमी होती. त्याच रात्री आम्ही उभयतांनी ठरविले, घरात संगणक ठेवायचा तर भरवशाचाच ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी मीटर लावला. भार पडताच एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११ च्या खाली घसरत होती. ती ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. दुखणे तिथेच होते.

पैसे साठवून पुढच्या वर्षी सुटे भाग आणले. दुकानदार म्हणाला, "प्रोसेसर मोठा घ्या, एसएमपीएस कॅबिनेटसोबत येतो तोच चालेल." पण आमचे आयुष्य वायरमनच्या कामात गेले. तो एसएमपीएस हातात घेतला तर अगदीच हलका. प्रोसेसर मध्यम घेतला आणि वाचलेले पैसे ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसला व यूपीएसला घातले. मग सॉकेट उघडले, तर अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती! लोकांच्या घरी जन्मभर अर्थिंग केले, आपल्या घरी राहून गेले. थोरलीची आई अजून हसते.

संगणक जोडला, विंडोज झकास सुरू झाले. तरी थोरलीने रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला. सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी! रॅमच्या दोन पट्ट्या एकेक लावून तपासल्या, एक सदोष निघाली. दुकानदाराने बदलून दिली. तपासले नसते तर फाइली आतल्या आत बिघडत गेल्या असत्या आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. धाकट्याला ओव्हरक्लॉकिंग करून वेग वाढवायचा होता. त्याला सांगितले, बाबा, हा घोडा शर्यतीचा नाही, घरच्या कामाचा आहे.

संस्कार अनित्य आहेत, अप्रमादाने वागा, असे तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या वेळी भिक्खूंना सांगितले. एसएसडीसुद्धा अनित्यच. म्हणून दर रविवारी विहारातून वंदना करून आल्यावर थोरली जातीचा दाखला, गुणपत्रिका, सारे बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरविते. ती हार्डडिस्क आत्याच्या घरी असते.

यंदा वस्तीतल्या पाच मुलांनी आमच्याकडेच अर्ज भरले. एकीचा अर्ज चालू असताना वीज गेली. यूपीएस पीं-पीं करू लागला, ती घाबरली. राउटरही आम्ही यूपीएसवरच जोडला आहे. थोरली तिला म्हणाली, "सावकाश भर, अजून दहा मिनिटे आहेत."

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांसाठी संगणक घेणार असाल तर आधी घरचे अर्थिंग तपासा. जयभीम!