टाळूच्या वरचा माळा

दातांचं माप घेताना तोंडात जो गुलाबी लगदा भरतात, त्याला आम्ही अल्जिनेट म्हणतो. समुद्रातल्या शेवाळापासून बनतं ते. पाण्यात कालवायचं, ट्रेमध्ये भरायचं, वरच्या जबड्यावर दाबून धरायचं आणि घट्ट होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ श्वास घ्यायचा तो नाकानेच. बहुतेक मुलं डोळे मिटून, पाय ताठ करून हा वेळ काढतात. काही मुलं मात्र विसाव्या सेकंदाला माझं मनगट धरतात, डोळे मोठे करतात आणि ट्रे ओढून काढतात.

अशा मुलांच्या केसपेपरवर मी कितीतरी वर्षं एकच शेरा लिहीत आले : ‘भित्रा आहे, सहकार्य करत नाही.’ तो शेरा चुकीचा होता. त्यांतली बरीच मुलं भित्री नव्हती. त्यांचं नाक चालत नव्हतं. तोंड हाच त्यांचा श्वासाचा रस्ता होता, आणि तोच मी लगद्याने बुजवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

हे कळलं ते इथल्याच, गोव्यातल्या कारापूरच्या एका नऊ वर्षांच्या मुलामुळे. विठ्ठलापूरच्या बाजूला त्याचं घर. आजी त्याला घेऊन आली होती. तक्रार दातांची : पुढचे दात एकावर एक चढलेले, सुळ्यांना जागाच नाही. माप घेताना तो धडपडून उठला. मी समजूत घालायला लागले, तेवढ्यात आजी म्हणाली, “बाय, ताका नाकान स्वास घेवंक जायना. रातभर तोंड उकतें दवरून न्हिदता.”

“घोरतो का?”

“घोरता तर! बापायभशेन घोरता.”

बापासारखा घोरतो, हे सांगताना तिच्या आवाजात काळजी नव्हती, कौतुक होतं. घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. मी तोंडात घालायचा छोटा आरसा गार पाण्यात बुडवला, पुसला आणि त्याच्या नाकपुड्यांखाली धरला. उजवीकडे वाफेचा पुसट ठिपका उमटला, डावीकडे काहीच नाही. मग पहिल्यांदाच मी दात बाजूला ठेवून रात्रीबद्दल विचारत बसले. मान मागे टाकून झोपतो का? हो. घाम येतो? उशी भिजते. अंथरूण ओलं होतं? आजीने नातवाकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. शाळेतून काय सांगतात? एका जागी बसत नाही, लक्ष नाही. मोठ्या माणसाची झोप मोडली तर तो दिवसा पेंगतो. लहान मूल पुष्कळदा उलट धुमाकूळ घालतं, आणि म्हणूनच त्याची झोप मोडते आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्याकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघरावर माळा असतो. पावसाळ्याची बेगमी, नारळ, चुलीची लाकडं तिथे चढवून ठेवतात. खाली उभं राहून वर पाहिलं की जे छत दिसतं, तीच माळ्याची जमीन. टाळूचं तसंच आहे. तोंडातून पाहिलं तर ते छत, आणि नाकाच्या बाजूने तीच जमीन. खालची खोली अरुंद असली तर माळा रुंद कुठून होणार? आणि हवेच्या बाबतीत थोडीशी रुंदीही फार मोलाची असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. नाक काही गुळगुळीत नळी नाही, पण दिशा तीच.

टाळू अरुंद कसा होतो, तर त्यात जिभेचं मोठं काम आहे. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकून असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. गाल बाहेरून दाबत असतात. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली पडते, आतला आधार जातो, गालांचा दाब उरतो. कमान चिंचोळी होत जाते, टाळू खोल जातो, चेहरा लांबट वाढतो, खालचा जबडा खाली आणि मागे फिरतो. एगिल हार्व्होल्ड या संशोधकाने रीसस माकडांच्या पिल्लांची नाकं बंद करून हे तपासलं. १९८१ साली ते निष्कर्ष छापून आले. पिल्लांनी श्वासासाठी आपापल्या परीने तोंड आणि जीभ वळवली आणि त्यांचे जबडे वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले. त्या पिल्लांचे हाल वाचताना जीव कळवळतो. पण तोच प्रकार आपल्या घरात, पंख्याखाली झोपलेल्या पोराच्या बाबतीत चालू असतो. इथे नाक बंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. सांखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांची रांग असायची तेव्हा झाडांची पानं धुळीने लाल दिसायची, तीच धूळ नाकातही जायची. आणि आषाढात ओल्या भिंतींवर जी बुरशी धरते, ती अॅलर्जीच्या नाकाला पुरेशी असते.

मी लगेच टाळू रुंद करायचा स्क्रू हातात घेतला नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात अॅडिनॉईड नावाची गाठ असते. लहानपणी ती मोठी असते आणि वयात येताना आक्रसते. मधल्या वर्षांत ती आणि टॉन्सिल मिळून वाट अडवू शकतात. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अॅडिनॉईड आणि टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सुधारून सामान्य झाली होती. नुसती देखरेख ठेवलेल्या मुलांतही हे प्रमाण ४६ टक्के होतं. दोन्ही आकडे मी पालकांना सांगते. पहिला सांगते तो शस्त्रक्रियेची भीती जावी म्हणून, दुसरा घाई होऊ नये म्हणून. आमच्या या मुलाला शस्त्रक्रिया लागली नाही. अॅलर्जी होती, नाकात मारायचा फवारा काही आठवडे चालला, घोरणं उतरलं. टाळू मात्र अरुंद होता आणि वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. ते काम माझं.

वरचा जबडा मधोमध शिवलेला असतो. दोन हाडांच्या मधली ही शिवण लहान वयात सैल असते. तिथे स्क्रू बसवून रोज थोडा थोडा उघडला तर दोन्ही अर्धे बाजूला सरकतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजल यांनी १४ वर्षांच्या एका मुलीवर हे केलं. हाडंच सरकली असं ते सांगत होते, आणि समव्यवसायी मानायला तयार नव्हते. दाखवायचं कसं? क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ३५ वर्षं होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली.

स्क्रूची चावी म्हणजे एक बारीक तार. ती टाळूवरच्या भोकात घालून पुढून मागे ढकलायची. एका फेरीला पाव मिलिमीटर. हे रोज घरी करावं लागतं आणि ते कोण करणार यावर माझं अर्धं यश ठरतं. आई सकाळच्या बसने कामाला जायची, म्हणून आजीने चावी हाती घेतली. तिला चष्मा लावायला सांगितलं, तीनदा माझ्यासमोर फिरवून घेतली. कोजागरीला सुरुवात झाली. रोज रात्री जेवणानंतर, दात घासून झाल्यावर एक फेरी, आणि कालनिर्णयवर त्या तारखेला फुली. दहाव्या-बाराव्या दिवशी आजी घाबरीघुबरी होऊन आली : पुढच्या दोन दातांत फट पडली! मला तर तीच हवी होती. फट पडली म्हणजे शिवण उघडली. एक्स-रे काढून तिला टाळूच्या मधोमध काळी पट्टी दाखवली. एंजल यांना दाखवता आलं नाही ते कारापूरच्या आजीने डोळ्यांनी पाहिलं. त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत होड्या सोडतात, त्या सुमारास अठ्ठावीस फुल्या झाल्या, म्हणजे सात मिलिमीटर. चावी थांबवली, स्क्रू पक्का केला आणि नवं हाड भरायला सहा महिने दिले. फट पुढे आपोआप मिटत आली.

मुलगा आता तोंड मिटून झोपतो. हे फवाऱ्यामुळे किती आणि स्क्रूमुळे किती, याची वाटणी मी करणार नाही. पण टाळूवर जीभ मावायला आता जागा आहे, आणि पुन्हा माप घेतलं तेव्हा तो तीन मिनिटं शांत पडून राहिला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘क्लिप लावा, घोरणं घालवा’ अशा जाहिराती मला मान्य नाहीत. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ साली आपल्याच लोकांना बजावलं : पुढे झोपेत श्वास अडू नये म्हणून निरोगी मुलाचा टाळू रुंद करण्याला आधार नाही, आणि गरजेने चार दात काढले म्हणून हा आजार जडतो असंही दिसलेलं नाही. जबडा खरंच अरुंद असेल, वय योग्य असेल, नाकाची तपासणी झाली असेल, तर आमच्या उपचाराने श्वासाला मदत होते. मदतच. निदान झोपेच्या तपासणीने होतं, दातांच्या खुर्चीत होत नाही.

आणि बापायभशेन म्हणजे काय तेही पुढे दिसलं. मुलाला न्यायला वडील आले, टिपर चालवणारे. सकाळी अकरा वाजता बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. घोरणं चढत जायचं, मग एकदम शांतता, छाती हलते पण हवा आत जात नाही, आणि मग दचकून मोठा श्वास. हनुवटी मागे, मान आखूड. हा माणूस भरलेला टिपर घेऊन रोज वाळपईच्या रस्त्याला असतो, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. तपासणी करवून घेतली. मोठ्या माणसात झोपेच्या तासाला ५ पेक्षा जास्त वेळा श्वास अडखळला तर आजार, १५ ते ३० म्हणजे मध्यम. ते मध्यममध्ये होते. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे मांडलेलं हवेच्या दाबाचं मशीन हा पहिला इलाज, पण मुखवटा त्यांना सोसेना. मग खालचा जबडा रात्रभर पुढे धरून ठेवणारं उपकरण केलं. कल्पना जुनी आहे : पॅरिसच्या पियेर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मागे पडलेल्या जबड्याच्या मुलांसाठी असंच उपकरण वापरलं होतं. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि जिभेमागची वाट मोकळी होते. सकाळी दाढा दुखतात, काही वर्षांत दातांची बसण्याची जागा बदलू शकते. हे आधी सांगावं लागतं. उपकरण घालून पुन्हा तपासणी केली, आकडा खाली आला होता, तेव्हाच मला हायसं वाटलं.

तुमचं मूल आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर त्याला गाढ झोप लागली आहे असं समजू नका. आज रात्री त्याच्या उशाशी पाच मिनिटं बसा, फोनवर त्याच्या झोपेचं चित्रण करा आणि ते बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दातांचं माप आम्ही नंतर घेऊ.