चोरबाजार ते लॅमिंग्टन रोड

भाच्याला घेऊन जुम्याच्या सकाळी मुंबईच्या चोरबाजारात गेलो. आपाची तक्रार एकच: पोरगा घरातली एक वस्तू धड ठेवत नाही, सगळं उघडून बसतो. म्हटलं, उघडलेल्या वस्तूंचा बाजारच दाखवू.

जुम्याला मटण स्ट्रीटची कायमची दुकानं बंद असतात, पण पहाटेपासून रस्त्यावर जुना माल मांडला जातो. मुके रेडिओ, बटणं तुटलेले खेळण्यातले कीबोर्ड, बोलायच्या बंद झालेल्या बाहुल्या. भाच्याने एक छोटा कीबोर्ड उचलला.

तिथून चालत लॅमिंग्टन रोड गाठता येतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला जुनंच नाव लागतं. इथे सुटे भाग मिळतात. 555 नावाची आठ पायांची आयसी चहाच्या किमतीत येते. हान्स कामेनझिंड यांनी ती 1971 साली तयार केली. तिला नऊ व्होल्टची बॅटरी, कपॅसिटर, स्पीकर आणि उजेडावर चालणारा रेझिस्टर, म्हणजे एलडीआर जोडला की ती ओरडू लागते. हाताची सावली पडली की आवाज जाडा, उजेड वाढला की चिरका.

कीबोर्डचंही तसंच. त्याचा वेग ठरवणारा रेझिस्टर काढून तिथे फिरवायचा ‘पॉट’ लावला, की तोच सूर म्हशीसारखा हंबरतो, नाहीतर चिमणीसारखा चिवचिवतो. अमेरिकेत रीड गझाला यांना 1960च्या दशकात हे अपघाताने सापडलं. टेबलाच्या खणात उघडा पडलेला छोटा अँप्लिफायर धातूला टेकला आणि विचित्र आवाज काढू लागला.

काही घरांत संगीताबद्दल मतभेद असतात, त्यांचा आदर आहे. पण आवाज कसा तयार होतो हे समजून घेणं हा इल्मचा भाग आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणारी बासरी रचली होती. खुंट्या लावलेलं फिरतं नळकांडं तिचे सूर ठरवत असे. त्यांनाही कुणीतरी ‘हे काय उद्योग?’ म्हटलंच असेल.

पालकांनी एवढं पाहावं: फक्त बॅटरीवर चालणारी वस्तू उघडू द्यावी, भिंतीच्या विजेवरची कधीच नाही. कढई-इस्त्रीसारखाच सोल्डरिंगचाही चटका बसतो, म्हणून मोठं माणूस जवळ असावं. बाकी, उघडणाऱ्या हाताला ‘तोडफोड्या’ म्हणण्याआधी तो परत जोडतो का, ते बघावं.