पत्थर नहीं है, ज़िंदा है

१५ एप्रिल २०२४ रोजी चौथे जागतिक प्रवाळ-विरंजन सुरू असल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे कळवले. ती बातमी वाचताना मला अंदमानातील एक दिवस आठवला आणि त्या दिवशी हातून घडलेली एक चूकही.

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे तीस किलोमीटरवरील वंडूरच्या धक्क्यावरून तेथे जाणाऱ्या बोटी सुटतात. जॉली बॉय आणि रेडस्किन ही बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने खुली करतात. एका बेटावर माणसे असतात तेव्हा दुसऱ्याला विसावा मिळतो. धक्क्यावर आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या गेल्या. प्लॅस्टिकला बंदी असल्याने बिस्किटांच्या पुड्याचे वेष्टनही मागे ठेवावे लागले. मला त्या शिस्तीचे कौतुक वाटले. जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक असल्याने थोडा अभिमानही वाटला.

खारफुटीच्या किनाऱ्यालगत जात बोट जॉली बॉयला पोहोचली. स्नॉर्केलची नळी तोंडात धरून मी पाण्यात मान घातली. सव्वीस वर्षे फळ्यावर पांढऱ्या खडूने काढलेले प्रवाळ येथे तपकिरी, हिरवट, जांभळ्या रंगांत उभे होते. एक पोपटमासा खडक खरवडत होता आणि त्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

इतक्यात मुखवट्यात पाणी शिरले. मी घाबरलो, पाय खाली सोडले आणि कशावर तरी उभा राहिलो. पायाखाली काहीतरी मोडले. मार्गदर्शकाने दंडाला धरून मला वर ओढले आणि शांतपणे म्हणाला, “सर, पत्थर नहीं है, ज़िंदा है।”

हे वाक्य मी मुलांना कितीदा शिकवले होते! फांद्यांचे प्रवाळ वर्षाला फार तर दहाएक सेंटिमीटर वाढतात. गोलाकार, भरीव प्रवाळ जेमतेम एखादा सेंटिमीटर. माझ्या एका क्षणाने कित्येक वर्षांची वाढ मोडली होती.

प्रवाळांना बरेचसे अन्न त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल पुरवते. बराचसा रंगही त्याचाच. समुद्राचे पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अवघ्या एका अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ तेव्हा लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर शैवाल परत येते. न निवले तर उपासमार होते. २०१० साली अंदमानाने हे भोगले आहे.

ही उष्णता वंडूरच्या तपासणीत अडवता येत नाही. मग पिशव्या तपासण्याला काय अर्थ, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर माझ्या पायाखालीच मिळाले होते. तापातून उठणाऱ्या माणसाला आपण निदान धक्का तरी देत नाही. सावरायला वर्षे लागणाऱ्या प्रवाळभित्तीवर आमच्या पायांचा भार पडू नये, एवढे तर आमच्याच हाती आहे.

तेथे जाणार असाल तर जरूर जा. पण आधी गावातल्या तरणतलावात मुखवट्यातील पाणी काढायला आणि पाय न टेकता तरंगायला शिका. मी ते परत आल्यावर शिकलो.