पुढचे चाक निसटते तेव्हा

2006 साली आमच्या लग्नाला जेमतेम दहा महिने झाले होते आणि आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. ज्या वाड्यात दोन खोल्या घेऊन राहत होतो, त्याच्या मालकांचा मुलगा अभियांत्रिकीला होता आणि अभ्यासापेक्षा मोटारसायकलींवर त्याचा जीव अधिक. दिवाळी सरल्यानंतर एका संध्याकाळी तो एक सीडी घेऊन वर आला आणि म्हणाला, "सर, मॅडम, तुम्ही वर्गात शोकांतिका शिकवता ना? मग ही बघा."

सीडीवर 29 ऑक्टोबर 2006 रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे झालेली मोटोजीपीची शर्यत होती, त्या हंगामातील शेवटची. व्हॅलेंटिनो रॉसी हा इटालियन स्वार त्याआधी लागोपाठ पाच वर्षे जगज्जेता होता. त्या वर्षी मात्र जुलैअखेर तो अमेरिकेच्या निकी हेडनच्या तब्बल 51 गुणांनी मागे पडला होता. उरलेल्या शर्यतींत त्याने ही दरी भरून काढली. पोर्तुगालमधील एस्टोरिलच्या शर्यतीत डॅनी पेद्रोसाने, म्हणजे हेडनच्या स्वतःच्याच सहकाऱ्याने, त्याला धडक देऊन पाडले आणि रॉसी 8 गुणांनी पुढे गेला. व्हॅलेन्सियाला पहिल्या क्रमांकाची जागा रॉसीची होती. नुसते हेडनच्या मागोमाग आला असता तरी भागले असते.

त्याची सुरुवात बिघडली. तो मागे पडला, आणि पाचव्या फेरीत एका संथ, डाव्या वळणावर त्याच्या गाडीचे पुढचे चाक निसटले. ना कुणाची धडक, ना पाऊस. जणू कुणी पायाखालची सतरंजी ओढून घेतली. रॉसी उठला, गाडी उभी केली, पुन्हा निघाला आणि तेरावा आला. हेडन तिसरा आला आणि 5 गुणांनी जगज्जेता झाला. (एस्टोरिलला टोनी एलियासने रॉसीला सेकंदाच्या दोन सहस्रांशाने हरवले होते. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर 5 गुणांचेच असते. ही गोष्ट त्या मुलाने आम्हांला त्या रात्री तीनदा सांगितली.)

तेव्हापासून हा खेळ आम्ही पाहत आलो आहोत, आणि एकच प्रश्न मनात ठेवून: जे हजारो वेळा बिनचूक केले, ते नेमके त्याच दिवशी का चुकावे? विषय आमचा नव्हे, हे मान्य. पण प्रश्न आमचा आहे. का, ते पुढे येईलच.

समालोचकांचे उत्तर ठरलेले असते: दडपण. या उत्तरावर आमचा पूर्ण विश्वास नाही. आपण निर्णायक दिवशीचे पडणे तेवढे लक्षात ठेवतो. मार्क मार्केझ 2017 साली हंगामभरात 27 वेळा पडला आणि तरीही जगज्जेता झाला, कारण त्यातले पुष्कळसे पडणे सरावातले होते. मर्यादा कुठे आहे हे तो पडून पाहत असे. म्हणजे पडणे हा या धंद्याचा नित्यनेम आहे. शेवट ठाऊक असल्यावर आपण मागे जाऊन कारणे रचतो; समीक्षेतही हे दुखणे जुनेच आहे.

शिवाय दडपणाच्या आधी दाबाचा विचार केला पाहिजे. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीने ते वेगळे ठेवले हे बरे झाले. वळणाच्या तोंडाशी स्वार ब्रेक दाबतो तेव्हा जवळजवळ सगळा भार पुढच्या चाकावर येतो, आणि तशा स्थितीत गाडी साठ अंशांहून अधिक कलते. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग हाताच्या तळव्याहून फारसा मोठा नसतो. मागचे चाक घसरू लागले तर स्वाराला सावरायला क्षणभर मिळतो. पुढचे चाक बहुधा तेवढीही सवड देत नाही. त्यातून दुसऱ्याच्या पाठीशी चिकटून धावताना पुढच्या चाकाला थंड वारा मिळत नाही. टायर तापतो, आतल्या हवेचा दाब वाढतो, टायर फुगून त्याचा जमिनीला लागणारा भाग आणखी आक्रसतो. पाठलाग करणाऱ्याची घाई अशी त्याच्या टायरमध्येच भरलेली असते.

पण जो सर्वांच्या पुढे आहे, त्याचे काय? 7 जुलै 2024 रोजी जर्मनीतील झाक्सनरिंगवर होर्हे मार्टिन आघाडीवर होता. गुणतक्त्यातही तोच पहिला. दोनच फेऱ्या उरलेल्या, मागे फ्रान्सेस्को बान्याया. पहिल्याच वळणावर मार्टिनचे पुढचे चाक निसटले आणि शर्यत व गुणतक्त्यातली आघाडी दोन्ही बान्यायाकडे गेली. त्या मार्गावर बहुतेक वळणे डावी आहेत, त्यामुळे टायरची उजवी बाजू थंड पडते. आणि हे वळण उजवे. जो तेथे जरा हात राखून चालवतो, त्याचा टायर पुरेसा तापत नाही, आणि थंड टायर रस्ता धरत नाही. मार्टिनने त्या क्षणी हात राखला होता की नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही. पण या खेळातली ही विलक्षण गोष्ट कोणताही स्वार सांगेल: सांभाळून चालवणे हेही पडण्याचे एक कारण असते.

येथे आम्हांला सायन बायलॉक यांचे काम आठवते. त्यांनी आणि थॉमस कार यांनी 2001 साली गोल्फच्या प्रयोगांवरून मांडले की पक्के मुरलेले कौशल्य दडपणाखाली ढासळते ते लक्ष उडाल्यामुळे नव्हे, तर लक्ष नको तिथे गेल्यामुळे. जे हात आपसूक करत होते, त्यावर मन देखरेख करू लागते. दुचाकीवरून डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ क्षणभर पुढे ढकलावी लागते, म्हणजे चाक किंचित उजवीकडे वळते. सायकल चालवणारे प्रत्येक मूल हे करते आणि कुणालाच ते ठाऊक नसते. ठाऊक करून घेऊन चालवून पाहा, गाडी लटपटते. आमच्यापैकी एकाने महाविद्यालयाच्या मैदानावर हा प्रयोग केला आहे. गुडघ्यावरील खूण अद्याप आहे.

कर्णाला परशुरामांचा शाप होता तो नेमका हाच. ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. जे कधी शिकलाच नाही ते नव्हे, जे सर्वांत चांगले येत होते तेच. वर्षानुवर्षे आम्ही हा शाप नियती, जात, गुरुद्रोह अशा अंगांनी शिकवत आलो. ॲरिस्टॉटलच्या 'हॅमार्शिया'चे भाषांतरही 'स्वभावदोष' असे फळ्यावर लिहीत आलो; मुळात त्या शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे, हे टिपेत सांगून मोकळे झालो. नेम चुकणाऱ्याच्या ठायी दोष असलाच पाहिजे, असे नाही.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक विद्यार्थिनी होती. एसटीने दीड तास प्रवास करून येणारी, घरात शिकलेले कुणी नाही. वक्तृत्वाचे अंग असे की ती बोलू लागली की स्टाफरूममधला चहा निवत असे. जिल्हा पातळीवर ती पहिली आली. अंतिम फेरी होती, फिरती ढाल आमच्या महाविद्यालयाकडे कधीच आलेली नव्हती, आणि खरे सांगायचे तर आमच्या कायम होण्याचा प्रश्नही तेव्हा संस्थेपुढे होता. मंचावर जाण्याआधी आम्ही तिला बाजूला घेतले. दोघांनीही. "यंदा ढाल आपल्याकडेच आली पाहिजे. बाकी सगळं येतंय तुला. तो तिसरा परिच्छेद तेवढा सांभाळ."

तिसऱ्या परिच्छेदात ती कधीही अडखळली नव्हती. तोच सांभाळायला आम्ही का सांगितले, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. तो आम्हांला सर्वांत आवडायचा, म्हणून असेल. ती तिसऱ्या परिच्छेदाशी आली आणि थांबली. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. ती आमच्याकडे पाहत होती. तिच्या ओठांची हालचाल आम्हांला दिसत होती, ती शब्द शोधत नव्हती, ते एकेक करून तपासत होती. मग तिने परीक्षकांना नमस्कार केला आणि खाली उतरली.

परतीच्या प्रवासात आम्ही तिची समजूत घातली, "दडपण आलं, होतं असं." म्हणजे दोष तिच्याच पदरात बांधला. त्यानंतर ती कधी मंचावर गेली नाही. बी.ए. झाली, चांगल्या गुणांनी झाली. भेटली की वाकून नमस्कार करते, त्या दिवसाचा विषय काढत नाही. आम्हीही काढला नाही.

मार्टिनने काय केले, ते सांगायचे राहिले. 2023 साली इंडोनेशियातील मंडालिकाच्या शर्यतीत मोठी आघाडी असताना तो पडला होता. 2024 साली त्याच मार्गावर शनिवारच्या छोट्या शर्यतीत तो पहिल्याच फेरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुख्य शर्यत जिंकला. त्या हंगामात बान्यायाने 11 रविवार जिंकले, मार्टिनने अवघे 3. पण विजेतेपद 10 गुणांनी मार्टिनचे झाले. त्या एका रात्रीत, शनिवार आणि रविवार यांच्यामध्ये, त्याच्या माणसांनी त्याला काय सांगितले असेल, याचे आम्हांला राहून राहून कुतूहल वाटते. कदाचित काहीच नसेल.

गेल्या डिसेंबरात आमची आणखी एक विद्यार्थिनी त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. ढाल अजूनही आमच्याकडे आलेली नाही. आमच्या खिशात सूचनांचा कागद होता. सात मुद्दे, त्यांतला चौथा अधोरेखित. नाव पुकारले गेले तेव्हा तिने पदर सारखा केला आणि विचारले, "सर, मॅडम, काही सांगायचंय का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "परतीची एसटी साडेपाचची आहे," आम्ही म्हणालो. "त्याआधी भजी खाऊ."